डोईवरचा पंखा : फिरतो कसा आणि टांगावा कसा



विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन मळ्यात धावतो. फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, नाहीच जमले तर वायरमनला झोपेतून उठवून आणतो. ऊस वाळेल ही धास्ती असते. पण त्याच जातीची एक लहान मोटार आपल्या घरात, झोपलेल्या लेकराबाळांच्या बरोबर डोक्यावर टांगलेली असते. तिच्याकडे वर्षानुवर्षे मान वर करून कोणी पाहत नाही. "फिरतोय ना? मग झालं!" एवढ्यावर विषय संपतो.

या पंख्याचे वजन साधारण ४ ते ५ किलो भरते. ४८ इंची, म्हणजे १२०० मि.मी. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने फिरत असते. एस.टी. गाडीच्या वेगाने फिरणारे लोखंड आपण डोक्यावर घेऊन झोपतो. ते नीट टांगलेले असले तर काहीच भ्यायचे कारण नाही. नीट टांगले नसेल, तर मात्र एक दिवस आपली झोप मोडल्याशिवाय राहणार नाही. म्हणून या लेखात पंखा फिरतो कसा हे आधी थोडक्यात पाहू आणि तो बसवताना काय सांभाळावे हे विस्ताराने पाहू.

मोटार तीच, फक्त उलटी

पूर्वी साहेबलोकांच्या बंगल्यात छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि बाहेर बसलेला गडी दोरीने तो ओढत राही. विजेवर फिरणारा छताचा पंखा अमेरिकेत फिलिप डील याने १८८२ च्या सुमारास केला. हा गृहस्थ शिवणयंत्राच्या मोटारी बनवत असे. तीच मोटार त्याने छताला टांगली आणि तिला पाती लावली.

आपल्या पंपाच्या मोटारीत बाहेरचा सांगाडा स्थिर असतो आणि आतला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात हे बरोबर उलटे असते. मधला दांडा आणि त्यावरचे तांब्याच्या तारेचे वाइंडिंग स्थिर राहते आणि बाहेरची वाटोळी पेटी बेअरिंगवर फिरते. पाती त्या पेटीलाच स्क्रूने बसवलेली असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे टांगणीचा विचार करताना तिचा उपयोग आहे.

आता फिरण्याचे मर्म पाहू. पंपाला तीन फेज येतात. त्या एकामागून एक अशा येत असल्यामुळे मोटारीत फिरते चुंबकीय बळ आपोआप तयार होते. त्यातला एक फेज गेला तर काय होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. मोटार नुसती 'हूं हूं' करते, तापते, पण उचलत नाही. घरात मुळात एकच फेज येतो. मग पंखा उचलतो कसा? तर त्याच्यात दोन वाइंडिंगे असतात. एक चालू ठेवणारे आणि दुसरे सुरुवात करून देणारे. दुसऱ्या वाइंडिंगच्या वाटेत एक कंडेन्सर बसवलेला असतो. कंडेन्सरमुळे त्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकतो. जणू आणखी एक फेज मिळाल्यासारखे होते आणि पंखा फिरू लागतो.

म्हणून कंडेन्सर गेला की पंख्याची गत एक फेज गेलेल्या मोटारीसारखी होते. घूं घूं आवाज येतो, काठीने ढकलले तर रडतखडत फिरतो. अशा वेळी "पंखा जळला" म्हणून भंगारात देऊ नये. बहुतेक घरगुती पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. पंख्यावर जो आकडा लिहिला असेल त्याच आकड्याचा नवा घालावा. "मोठा घातला की जोरात फिरेल" असे कोणी सांगितले तर ऐकू नये. वाइंडिंगवर जादा भार येतो आणि चार दिवसांची हवा रिवाइंडिंगच्या खर्चात जाते.

संध्याकाळी पंखा मंद का?

दिवेलागणीला सगळ्या गावाचे दिवे, टी.व्ही., पिठाची गिरणी एकदम सुरू होतात आणि डी.पी.पासून लांबच्या घरांत दाब उतरतो. मोटारीचे बळ दाबाच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते. २३० व्होल्टचे १६० झाले, तर बळ निम्म्याहूनही थोडे खालीच येते. पंखा रेंगाळतो तो यामुळे. अशा वेळी पंखा खोलून बसण्यात अर्थ नसतो. आधी दाब तपासावा.

नव्या पद्धतीचे बी.एल.डी.सी. पंखे हल्ली मिळतात. त्यांच्या फिरत्या पेटीत कायमचे चुंबक असतात आणि वाइंडिंगला वीज पुरवण्याचे काम आत बसवलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. साधा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, हा साधारण ३० वॉट घेतो. रोज दहा तास चालला तर साध्या पंख्याला महिन्याला सुमारे साडेबावीस युनिट लागतात, या पंख्याला नऊ. दाब कमी असतानाही यांपैकी बरेच पंखे वेग सोडत नाहीत, आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ पुरतात. किंमत जास्त पडते हे खरे. म्हणून जो पंखा रात्रंदिवस चालतो तिथे हा आधी बसवावा, पाहुण्यांच्या खोलीत जुना राहू द्यावा. मात्र याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडू नये, सरळ बटणावर घ्यावा. २०२३ सालापासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. खरेदीच्या वेळी ते लेबल आणि आय.एस. ३७४ ही खूण पाहून घ्यावी.

टांगणी : सगळा जीव चार ठिकाणी

पंखा पडतो तो मोटार बिघडली म्हणून नव्हे. तो पडतो टांगणीमुळे. वरून खाली चार ठिकाणे तपासायची आहेत.

पहिले ठिकाण छतातला हूक. ऊसबिल हाती आले की आपल्याकडे घराची कामे निघतात. स्लॅब ओतायच्या आधीच कुठल्या खोलीत कुठे पंखा हवा हे ठरवून सेंट्रिंगवाल्याला दाखवून द्यावे. चार सुती, म्हणजे साधारण १२ मि.मी. जाडीच्या सळईचा हूक करून त्याचे दोन्ही पाय स्लॅबच्या सळयांवर पसरून तारेने आवळून बांधावेत. मग काँक्रीट ओतावे. नुसता हूक काँक्रीटमध्ये खुपसून चालत नाही. हूक राहिलाच असेल, तर पक्क्या काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर फास्टनर ठोकून त्यावर हुकाची पट्टी आवळावी. लाकडी किंवा प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू मारून पंखा कधीही टांगू नये. वरून पी.ओ.पी.चे छत केले असेल तर पंखा त्या पी.ओ.पी.ला नव्हे, त्याच्या वरच्या खऱ्या स्लॅबलाच टांगलेला हवा.

माळवदाच्या आणि कौलारू घरांत तुळईला पंखा लावतात. तुळई वाळवीने पोखरलेली नाही ना, हे आधी ठोकून पाहावे. हूक स्क्रूसारखा पिळून बसवण्यापेक्षा तुळईतून आरपार बोल्ट घालून वर मोठा वायसर आणि नट द्यावा. वाश्याला पंखा टांगू नये.

दुसरे ठिकाण दांडीच्या वरच्या टोकाचा बोल्ट. हुकात रबरी बुश असतो, त्यातून बोल्ट जातो, बोल्टला नट आणि नटाच्या पुढे आरपार भोकातून घातलेली कॉटर पिन. बैलगाडीच्या आसावरून चाक निसटू नये म्हणून खीळ असते ना, तेच काम ही पिन करते. पंखा दिवसरात्र थरथरतो आणि थरथरीने नट सैल होत जातो. पिन असली तर सैल झालेला नटही निसटत नाही. पण पंखा बसवणारा घाईत असला की ही पिन खिशात राहते किंवा तिच्या जागी तारेचा तुकडा येतो. पिन घालून तिचे दोन्ही पाय फाकवलेले आपण स्वतः डोळ्यांनी पाहावेत. बुश झिजला असेल तर नवा घालावा. तो नसला तर लोखंड लोखंडावर घासते आणि बोल्ट कापला जातो.

तिसरे ठिकाण दांडी आणि मोटार यांचा सांधा. इथे दांडी आट्यांवर बसते आणि आरपार बोल्ट व पिनेने किंवा स्क्रूने पक्की केलेली असते. बाहेरची पेटी फिरते आणि दांडा स्थिर असतो, हे वर सांगितले. पेटी एका दिशेने फिरताना दांड्यावर उलट्या दिशेचा पीळ येतो. म्हणून नुसत्या आट्यांच्या भरवशावर इथे राहू नये. बोल्ट आणि पिन दोन्ही हवेत.

चौथे ठिकाण पाती. तिन्ही पाती एकाच पंख्याची असावीत. कंपनी ती वजनाने जुळवून देते. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावले, किंवा उचलठेवीत पाते वाकले, की पंखा डुलायला लागतो. प्रत्येक पात्याचे टोक छतापासून किती अंतरावर आहे ते फूटपट्टीने मोजावे. तिन्हींचे अंतर सारखे आले पाहिजे. डुलणारा पंखा म्हणजे वरच्या बोल्टवर मिनिटाला शेकडो हिसके. "डुलतोय तर डुलू दे" म्हणणे बरे नव्हे.

उंची आणि जागा

पाती जमिनीपासून किमान ८ फूट उंच असावीत, ९ फूट असली तर उत्तम. पाती आणि छत यांत फूटभर अंतर ठेवावे. छताला चिकटून बसवलेल्या पंख्याला वरून हवा मिळत नाही, मग खाली कुठून देणार? दहा बाय बाराच्या खोलीला १२०० मि.मी.चा पंखा पुरतो, लहान खोलीला ९०० मि.मी.चा बसवावा. पत्र्याचे छत ठेंगणे असेल तर छताचा हट्ट सोडून भिंतीवरचा पंखा घ्यावा.

पंख्याखाली धान्याच्या पोत्यांची थप्पी लावू नये. पोरे थप्पीवर चढतात. चालू पंख्याखाली लाडात येऊन बाळाला वर उडवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंख्याच्या दांडीला बाळाची झोळी कधीही बांधू नये. झोळीसाठी स्लॅबमध्ये निराळा हूक सोडावा.

वीज : मनुष्य मरतो किती करंटने?

आता दुसरा धोका पाहू. "घरात एम.सी.बी. बसवलाय, आता शॉक कसला!" असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. हिशेब करून पाहा. पंखा घेतो सुमारे ०.३३ अँपिअर. बोर्डावरचा एम.सी.बी. असतो ६ अँपिअरचा. माणसाच्या छातीतून ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण गेला तरी जीव जाऊ शकतो. ६ अँपिअरला पडणाऱ्या एम.सी.बी.ला ते समजणारसुद्धा नाही. एम.सी.बी. वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाला वाचवतात दोन गोष्टी : एक अर्थिंग आणि दुसरा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., ज्याला काही जण ई.एल.सी.बी. म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. त्याच्यावर तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

पंख्यापर्यंत तीन वायरी गेल्या पाहिजेत : फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. पुष्कळ घरांत हिरवी वायर बोर्डातच कापून ठेवलेली आढळते. ती पंख्याच्या बॉडीला जोडून घ्यावी. न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडण्याची युक्ती कोणी सांगेल, ती जिवावर बेतणारी आहे. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून रीतसर केलेला असावा आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे. माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरते उरते.

बटण नेहमी फेजच्या वायरीत असावे. ते न्यूट्रलमध्ये असेल तरीही पंखा चालू-बंद होतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. पण बंद असतानाही पंख्यात फेज उभा असतो आणि पुसायला चढलेल्या माणसाला झटका बसतो. वायरमनला सांगून, बटण बंद असताना वरच्या दोन्ही वायरींना टेस्टर लावून खात्री करून घ्यावी. टेस्टर पेटला तर जोडणी उलटी आहे असे समजावे.

पत्र्याच्या घराला विशेष सूचना

पत्र्याच्या घरात लोखंडी अँगलला पंखा टांगतात आणि वायरही अँगलवरून मोकळीच नेतात. वाऱ्याने, थरथरीने वायरीचे कातडे घासते आणि करंट अँगलमध्ये, तिथून पत्र्यात उतरतो. उन्हाळाभर कळत नाही. पहिला पाऊस पडला, भिंती भिजल्या, आणि पत्र्याला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालायला माऊली गेली की घात होतो. दर पावसाळ्यात अशा दुःखद बातम्या आपल्या वाचनात येतात. म्हणून पत्र्याच्या घरात वायर प्लास्टिकच्या पाइपातूनच न्यावी. सांधा मधे कुठेही देऊ नये, आणि दिलाच तर काळ्या टेपवर न भागवता कनेक्टर व पेटी वापरावी. कपड्यांसाठी लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधावी. पत्र्याला, नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर "ओलीमुळे होतं" म्हणून सोडू नये. त्याच क्षणी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

आणि तरीही कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. ते जमण्यासारखे नसेल तर कोरड्या जमिनीवर वा लाकडी पाटावर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने जोरात दाब देत राहावे आणि दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन लावावा. अंगात जीव नाही असे ठरवून रडत बसू नये. अशी माणसे उठून बसलेली आहेत.

पंखा हवा गार करत नाही

पंखा हवेला गारवा देत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून गार वाटते. तेव्हा रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे निव्वळ बिल. वैशाखात पत्र्याखाली साचलेली गरम हवाच पंखा खाली लोटतो. म्हणून वर हवा जायला झरोका ठेवावा आणि पत्र्यावर पांढरा चुना मारावा, पत्रा कमी तापतो. पारा ४० अंशांच्या वर गेला की नुसत्या पंख्यावर विसंबू नये. ती झळ अंगातले पाणी ओढून घेते. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना पाणी, ताक देत राहावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे.

वर्षातून एक दिवस पंख्याचा

शिमगा झाला की पंखे सुरू होतात. पाडव्याच्या आत एक दिवस काढून परवानाधारक वायरमनकडून एवढे तपासून घ्यावे :

१. हूक पक्का आहे, त्याभोवती तडा किंवा गंज नाही.
२. वरचा बोल्ट, नट, रबरी बुश ठीक आहेत. दोन्ही सांध्यांत कॉटर पिन असून पाय फाकवलेले आहेत.
३. पात्यांचे सर्व स्क्रू आवळलेले आहेत, पंखा डुलत नाही.
४. बटण फेजवर आहे. हिरवी वायर बॉडीला जोडलेली आहे.
५. आर.सी.सी.बी. बटण दाबल्यावर पडतो.
६. बेअरिंगचा खरखर आवाज नाही, मोटार हाताला चटका बसेल इतकी तापत नाही.

पंखा पुसायचा तर मेन बंद करून, लाकडी घोड्यावर उभे राहून, खाली एक माणूस धरायला ठेवून पुसावा. टेबलावर खुर्ची चढवून नव्हे. एका हाताने पात्याला खालून आधार द्यावा. रेटून पुसले की पाते वाकते आणि डुलणे सुरू होते. पुसल्यावर पंखा हलका फिरतो, हवाही जास्त देतो.

या सगळ्याला येणारा खर्च फार नाही. कॉटर पिन तर चार-दोन रुपयांची वस्तू. पाच एकर उसाला आपण सरीतल्या पाण्यापासून खतापर्यंत किती जपतो! त्यातला अर्धा दिवस घरच्या पंख्याला द्यावा. वायरमन येईल तेव्हा हे पान त्याच्या हाती द्यावे, आणि तो वर चढल्यावर खाली उभे राहून विचारावे : "पिन घातली का? पाय फाकवले का?"